बोथाटीचे विमान

लढाऊ विमाने चालवण्याचे जे काटेकोर संगणकीय खेळ आहेत त्यांत ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या खेळाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. मूळच्या मॉस्कोतल्या ‘ईगल डायनॅमिक्स’ या संस्थेने १९९५ मध्ये ‘सू-२७ फ्लँकर’ नावाचा खेळ काढला होता. त्याच परंपरेत २००८ मध्ये ‘ब्लॅक शार्क’ हे हेलिकॉप्टर आले आणि आजची मालिका सुरू झाली. मूळ खेळ फुकट मिळतो, पण त्यातली बहुतेक विमाने एकेक करून विकत घ्यावी लागतात. प्रत्येक विमानासोबत जाडजूड माहितीपुस्तिका येते. कॉकपिटातली जवळजवळ प्रत्येक कळ दाबता येते, आणि चुकीच्या क्रमाने दाबली तर इंजिन सुरूच होत नाही. इतके कष्ट घेऊन खेळाडू शेवटी काय करतो, तर क्षेपणास्त्र सोडतो. निदान असा समज आहे.

या दुकानात २०१५ च्या अखेरीस एक अनपेक्षित वस्तू दाखल झाली. ‘एव्हियोडेव्ह’ या स्पॅनिश मंडळींनी आपल्या हवाईदलाचे ‘सी-१०१ ईबी’ हे दोन आसनी जेट प्रशिक्षण विमान खेळात आणले. त्याला तोफ नाही, बाँब नाही, क्षेपणास्त्र नाही. ध्वनीचा वेग त्याला गाठता येत नाही. जालावरच्या सामायिक युद्धभूमीवर ते घेऊन गेलेला खेळाडू म्हणजे केवळ भक्ष्य. तरीही लोकांनी पैसे मोजून ते घेतले, आणि आजही घेतात.

असे का व्हावे? ‘आधी सोप्या विमानावर हात बसवायचा आणि मग अवघड विमानाकडे वळायचे’ हे उत्तर पटकन सुचते, पण ते पुरेसे नाही. खेळात अशी सक्ती कोणीच करत नाही. पहिल्याच दिवशी एफ/ए-१८ मध्ये बसायला कोणाची आडकाठी नसते, आणि तिथे आपटल्याचा दंडही काही नसतो. नवे विमान क्षणार्धात मिळते. तेव्हा निःशस्त्र विमानाची ही ओढ समजून घ्यायची तर थोडे मागे जायला हवे. आमच्या मते या खेळाच्या घरात सर्वांत जुना हक्क याच विमानाचा आहे. युद्धाचा खेळ आणि युद्धाचे शिक्षण यांची नाळ एक आहे, आणि ती मुद्दाम बोथट केलेल्या हत्यारापासून निघालेली आहे.

आपल्याकडे त्यासाठी एक नेमका शब्द होता: बोथाटी. भाल्याचे पाते काढून टोकाला कापडाचा गोळा बांधायचा, तो रंगात बुडवायचा आणि घोड्यावर स्वार होऊन प्रतिस्पर्ध्याला गाठायचे. रंग लागला की तो मेला असे धरायचे. बोथाटी हा खेळ होता की कवायत, हा प्रश्न मराठा स्वाराला पडला नसावा. लेझमीचेही मूळ असेच सांगतात. दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले ते धनुष्य बाहूंच्या बळासाठी होते, पुढे त्यातून नाच उरला. महाभारतात द्रोणाने झाडावर ठेवलेला पक्षी कृत्रिम होता, ही गोष्ट आपण ‘फक्त डोळा दिसतो’ या उत्तराच्या नादात विसरतो. शिकवणाऱ्याला खऱ्या पक्ष्याची गरज नव्हती. शिष्याची नजर तेवढी खरी हवी होती.

विमानविद्येत ही बोथाटी तयार केली ती एका पियानोवाल्याच्या मुलाने. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मुलाला उडण्याचे वेड, आणि उड्डाणाची शिकवणी महाग. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते, झडपा आणि नळ्या कशा चालतात ते त्याला घरच्या धंद्यामुळे ठाऊक होते. त्याच भात्यांवर त्याने लाकडाचे एक आखूड, ठेंगणे विमान बसवले. आत बसलेल्याने दांडा हलवला की भाते फुगत किंवा आकसत आणि विमान तिरके होई, नाक वर करी, गिरकी घेई. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटचे शीर्षक या विषयाच्या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे असे म्हणावेसे वाटते. शिकाऊ वैमानिकांसाठी प्रशिक्षणाचे साधन आणि करमणुकीचे उपकरण, या दोहोंचा संयोग, असे त्याने स्वतःच लिहून दिले होते.

विमानशाळांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतले आणि मनोरंजन उद्यानांतले, नाणे टाकून गिरक्या घेणारे. पुढे काय झाले ते दुःखद आहे. फेब्रुवारी १९३४ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी कंपन्यांची टपालाची कंत्राटे रद्द केली आणि हवाई टपाल सैन्याच्या वैमानिकांकडे सोपवले. ते तरुण उघड्या हवेत उत्तम उडत, पण ढगात आणि रात्री केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. ऐन हिवाळा होता. काही महिन्यांत डझनभर माणसे मेली. त्यानंतर सैन्याला जत्रेतल्या त्या खेळण्याची आठवण झाली आणि त्याच वर्षी सहा ‘लिंक ट्रेनर’ विकत घेण्यात आले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ही यंत्रे दहा हजारांहून अधिक बनली होती. जपानच्या नौदलानेही ती १९३५ मध्येच घेतली होती, हा इतिहासाचा एक कडवट विनोद.

तेव्हा खेळणे आधी आले आणि रणसाधन मागून. हा प्रवास पुढेही दोन्ही दिशांनी चालू राहिला. १९८० मध्ये ‘अटारी’ कंपनीचा ‘बॅटलझोन’ हा रणगाड्यांचा खेळ गल्ल्यांतल्या नाणे-यंत्रांवर लोकप्रिय होताच अमेरिकी सैन्याशी संबंधित मंडळींनी त्याचे प्रशिक्षणयंत्र करून मागितले. खेळाचा निर्माता एड रॉटबर्ग याला ते मुळीच रुचले नव्हते, तरी त्याच्यावरच ते काम पडले. उलट ब्रूस आर्टविक याने १९८० च्या सुमारास घरगुती संगणकासाठी शांततेतल्या उड्डाणाचा जो कार्यक्रम लिहिला (मायक्रोसॉफ्टचे प्रसिद्ध ‘फ्लाइट सिम्युलेटर’ त्यातूनच निघाले), त्यातसुद्धा पहिल्या महायुद्धातल्या विमानांशी झुंज घेण्याची सोय त्याने ठेवली होती. शांततेच्या खेळात लढाई शिरते तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. लढाईच्या खेळात शांत विमान शिरले की मात्र वाटते. या विषमतेचा विचार व्हायला हवा.

आता प्रत्यक्ष विमानाकडे वळू, कारण त्याची कुळकथा रंजक आहे आणि आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नाही.

सी-१०१ च्या आधी स्पेनच्या हवाईदलात ‘साएता’ म्हणजे बाण या नावाचे जेट प्रशिक्षण विमान होते. ते १९५५ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले आणि त्याच्या रचनेमागे विली मेसरश्मिट हा जर्मन अभियंता होता. पराभूत जर्मनीला विमाने बनवण्याची मनाई होती, म्हणून हिटलरच्या लढाऊ विमानांचा हा शिल्पकार फ्रँकोच्या आश्रयाने सेव्हिल शहरी काम करत होता. साएता पुढे इजिप्तमध्येही ‘अल काहिरा’ या नावाने बनले. त्याच्या सशस्त्र आवृत्त्या सत्तरीच्या दशकात स्पॅनिश सहारा या वसाहतीत बंडखोरांविरुद्ध वापरल्या गेल्या. शिकवण्यासाठी केलेला बाण, पण त्याला टोक होते.

त्याच्या जागी नवे विमान करण्याचे कंत्राट ‘कासा’ या स्पॅनिश कारखान्याला सप्टेंबर १९७५ मध्ये मिळाले. दोन महिन्यांत, २० नोव्हेंबरला, फ्रँको वारला. पुढची दीड-दोन वर्षे स्पेन हुकूमशाहीतून लोकशाहीकडे चाचपडत सरकत होते आणि माद्रिदजवळच्या हेताफे येथे हे विमान आकार घेत होते. १५ जून १९७७ रोजी स्पेनमध्ये चार दशकांनंतर पहिली मुक्त निवडणूक झाली. बारा दिवसांनी, २७ जूनला, सी-१०१ ने पहिले उड्डाण केले. या दोन तारखांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, आणि तो जोडण्याचा मोह टाळलेला बरा. पण ज्या पिढीतले स्पॅनिश वैमानिक या विमानावर घडले, ती हुकूमशहाच्या पश्चात लष्करी शिक्षण घेणारी पहिली पिढी होती एवढे म्हणायला हरकत नाही.

रचनेत अमेरिकेच्या ‘नॉर्थ्रॉप’ आणि जर्मनीच्या ‘एमबीबी’ या कंपन्यांचे साहाय्य होते. इंजिन मात्र युद्धविमानाचे नव्हते. धनिकांच्या लिअरजेट विमानांत बसवले जाणारे ‘गॅरेट’चे छोटे टर्बोफॅन इंजिन स्पॅनिश अभियंत्यांनी निवडले. त्यात रुबाब नव्हता, पण इंधन थोडे लागे आणि ते जिकिरीचे नव्हते. प्रशिक्षणाचे अर्थशास्त्र कारकुनी असते. शंभर मुलांना शंभर वेळा उतरायला शिकवायचे असेल तर प्रत्येक तासाचा खर्च पाहावाच लागतो. दोन आसने एकामागे एक, मागचे थोडे उंच, म्हणजे प्रशिक्षकाला शिष्याच्या डोक्यावरून समोरची धावपट्टी दिसावी. अधिकृत नाव ‘मिर्लो’, युरोपात बागेत गाणारा एक काळा पक्षी. वैमानिकांनी दिलेले नाव ‘कुलोपोयो’. त्याचा अर्थ कोंबडीचा पार्श्वभाग. विमानाची शेपटीकडची बाजू पाहिल्यावर या नावाबद्दल वाद घालावासा वाटत नाही. ज्यांच्यावर आपण शिकलो त्यांची अशी टोपणनावे ठेवण्याची रीत जगभरच्या विद्यार्थ्यांत असते, हे आम्हा अध्यापकांना वेगळे सांगायला नको.

१९८० पासून ही विमाने मुर्सिया प्रांतातल्या सान हाविएर येथील हवाई अकादमीत दाखल झाली. मार मेनोर या उथळ खाजणाच्या काठावर ही अकादमी आहे. १९८५ मध्ये तिथल्याच प्रशिक्षकांनी ‘पात्रुया आगिला’, म्हणजे गरुड-पथक, हे हवाई कवायतीचे पथक काढले. सात विमाने, आणि मागे लाल-पिवळ्या धुराच्या रेषा. प्रशिक्षणाचे काम पुढे स्वित्झर्लंडच्या पीसी-२१ विमानांकडे गेले, आणि २०२५ मध्ये कवायतीतली सी-१०१ विमानेही निवृत्त झाली. दरम्यान निःशस्त्र म्हणजे निर्धोक नव्हे, याचीही आठवण या विमानांनी करून दिली होती. ऑगस्ट २०१९ आणि फेब्रुवारी २०२० अशा सहा महिन्यांच्या अंतराने पथकाची दोन विमाने त्याच किनाऱ्यालगत समुद्रात कोसळली आणि दोन अनुभवी वैमानिक गेले.

इथवर वाचून ईबी हे एक निरागस विमान आहे असे चित्र उभे राहिले असेल तर ते अर्धेच आहे. खेळात काही वर्षांनी त्याच विमानाचा दुसरा अवतार आला: ‘सीसी’. सांगाडा तोच, इंजिन थोडे अधिक ताकदीचे, आणि पंखांखाली शस्त्रे टांगण्याच्या जागा. पोटाखाली तोफ बसवता येते, जहाजावर डागायचे क्षेपणास्त्रसुद्धा नेता येते. हा अवतार खेळवाल्यांनी कल्पनेने रचलेला नाही. कासाने निर्यातीसाठी खरोखरच अशी विमाने बनवली. होंडुरास आणि जॉर्डन यांनी ती घेतली. चिलीत ती पिनोशेच्या राजवटीत देशी कारखान्यात जुळवली गेली, ‘हाल्कोन’ म्हणजे ससाणा या नावाने. बागेत गाणारा पक्षी आणि ससाणा यांच्यात पंखाखालच्या काही खुंट्यांचे अंतर.

या अंतराची सर्वांत स्पष्ट नोंद एका न्यायालयात झाली आहे. ब्रिटनचे ‘हॉक’ हेही मुळात प्रशिक्षण विमान. इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारला विकलेली हॉक पूर्व तिमोरमधल्या जनतेवर वापरली जातील, किंबहुना आधीची वापरली गेली आहेत, असा ब्रिटिश शांततावाद्यांचा आरोप होता. ‘ती प्रशिक्षणासाठी आहेत’ हे ठरलेले उत्तर होते. जानेवारी १९९६ मध्ये तीन स्त्रिया लँकेशायरमधल्या वॉर्टन येथील कारखान्यात रात्री शिरल्या. इंडोनेशियाला जाण्यासाठी तयार असलेल्या एका हॉकच्या नाकाडावर आणि यंत्रणेवर त्यांनी हातोडे चालवले आणि पळून न जाता तिथेच थांबल्या. चौथी साथीदार नंतर पकडली गेली. नुकसान सुमारे पंधरा लाख पौंडांचे होते. मोठा गुन्हा रोखण्यासाठी लहान गुन्हा केला, असा त्यांचा बचाव होता. जुलैमध्ये लिव्हरपूलच्या ज्यूरीने चौघींना निर्दोष ठरवले. बारा सामान्य नागरिकांनी एका प्रशिक्षण विमानाकडे पाहून ते शस्त्र असल्याचे मान्य केले, असा त्या निकालाचा अर्थ कोणी लावला तर तो फारसा चुकीचा म्हणता येणार नाही.

म्हणून खेळात ईबी आणि सीसी एकाच संचात शेजारी शेजारी उभी असतात हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. खेळाडूला प्रत्येक वेळी निवड करावी लागते. आणि ज्याच्या हाताशी सीसी आहे असा खेळाडू ईबी निवडतो, तेव्हा तो काहीतरी सोडून देत असतो. कुरुक्षेत्रावर शस्त्र न धरण्याची प्रतिज्ञा करून सारथ्य पत्करणाऱ्याची उपमा इथे फार मोठी होईल, तरी मनात येते खरी. निःशस्त्र असणे आणि युद्धाबाहेर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे ती कथा सांगते.

प्रशिक्षण विमानाची खरी किंमत मात्र ते जिथे नव्हते तिथे कळते, आणि त्यासाठी स्पेनपर्यंत जावे लागत नाही. भारताचे पहिले स्वदेशी जेट प्रशिक्षण विमान ‘किरण’. त्याची रचना ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली ते डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले, हसूरचंपू गावचे. गटिंगन येथे लुडविग प्रांट्ल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘एचटी-२’ हे पंख्याचे प्रशिक्षण विमान घडवले. ते १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. किरणचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ चे. त्याचा पहिला अवतार शस्त्रांविना होता, पुढच्या आवृत्त्यांना ती मिळाली. लढाऊ विमानांच्या चरित्रकारांना ही नावे क्वचितच आठवतात. साहित्याच्या इतिहासात बालभारतीचे संपादक जितके उपेक्षित, तितकेच विमानांच्या इतिहासात प्रशिक्षण विमानांचे रचनाकार.

किरणवर शिकलेला तरुण पुढे जायचा तो मिग-२१ कडे. दोहोंमधली दरी मोठी होती. एक समजूतदार, ध्वनीपेक्षा मंद. दुसरे ध्वनीच्या दुप्पट वेगाचे, आखूड पंखांचे, उतरताना अतिशय वेगात जमिनीकडे येणारे. मधली पायरी हवी, म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, असे ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये सांगितले. ६६ हॉक घेण्याचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि पहिली विमाने बीदर येथे हवाईदलात सामील झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. मधे सव्वीस वर्षे गेली. एप्रिल २०१२ पर्यंत मिग जातीच्या विमानांचे ४८२ अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले, अशी माहिती तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिली. हे सारे अपघात अपुऱ्या प्रशिक्षणामुळे झाले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांत यंत्रातले दोषही होते. पण एक पायरी गहाळ असलेला जिना चढताना जे व्हायचे ते काही प्रमाणात होत होते, हे तज्ज्ञांनी आधीच लिहून ठेवले होते. २००१ साली सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात मुलगा गमावलेल्या पुण्याच्या एका दांपत्याने पुढे अनेक वर्षे याबाबत पाठपुरावा केला, आणि पुण्यातच सिम्युलेटरवर उड्डाण शिकवणारी संस्था काढली. एडविन लिंकच्या लाकडी पेटीची ती दूरची वंशज म्हणावी लागेल.

या पार्श्वभूमीवर संगणकातल्या ईबीमध्ये बसलेला खेळाडू काय करतो ते पाहावे. तो इंजिन सुरू करतो. धावपट्टीपर्यंत जातो. उडतो, ठरलेल्या उंचीवर ठरलेल्या वेगाने चौकोनी फेरी मारतो आणि उतरतो. पुन्हा उडतो. शत्रू नसल्यामुळे त्याचे लक्ष ज्या गोष्टींकडे एरवी जात नाही तिकडे जाते: वाऱ्याची दिशा, वळणात घसरणारी उंची, वेग कमी केला की बोथट होत जाणारा दांड्याचा प्रतिसाद. लढाईच्या खेळात गुण देणारा प्रसंग म्हणजे स्फोट. इथे गुण देणारा प्रसंग म्हणजे चाके टेकताना न बसलेला हादरा, आणि तो गुण खेळाडू स्वतःच स्वतःला देतो. अनेक खेळाडू जालावरून एकमेकांच्या पंखाशेजारी पंख ठेवून कवायती करतात, मागे लाल-पिवळा धूर सोडतात. कोणीही कोणाला मारत नाही आणि तासन्‌तास निघून जातात. करमणुकीचा हा प्रकार आजच्या बाजारात टिकून आहे, ही गोष्ट खेळांवर सरसकट हिंसेचा शिक्का मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. अर्थात त्याच विश्वात सीसीही आहे, हे खेळांच्या भाबड्या समर्थकांनी.

आणखी एक सोय या विमानात आहे. दोन खेळाडू दोन निरनिराळ्या गावांतून, किंवा देशांतून, एकाच विमानात पुढे-मागे बसू शकतात. मागचा प्रशिक्षक, पुढचा शिष्य. हे पाहून प्रथम वाटते, की खरे गुरु-शिष्य आणि हे कानात आवाज ऐकणारे अनोळखी लोक, यांची काय तुलना! पण किरण आणि सी-१०१ यांच्या आसनांचा विचार करा. किरणमध्ये दोघे शेजारी शेजारी बसत. गुरूला शिष्याच्या कपाळावरचा घाम दिसे, शिष्याला गुरूचा हात कधी दांड्याकडे सरकतो ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळे. सी-१०१ मध्ये प्रत्यक्षातही असे काही दिसत नाही. पुढच्याला मागचा दिसतच नाही. तो फक्त कानातला आवाज असतो, आणि अधूनमधून आपल्याआप हललेला दांडा. म्हणजे आगेमागे बसण्याच्या रचनेने गुरूला आधीच आवाजापुरते उरवले होते. संगणकाने त्यात फारशी काटछाट केलेली नाही. शिकवणे म्हणजे हात आपल्या मांडीवर ठेवून बसणे, असे अनेक अनुभवी शिक्षक म्हणतात. ते या मागच्या खुर्चीत अक्षरशः खरे असते. शिष्याची चूक दिसते, ती दुरुस्त करता येण्याजोगी असते, आणि तरीही काही क्षण थांबायचे असते. किती क्षण, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नाही.

या आभासी विमानांच्या आयुष्याबद्दलही बोलायला हवे, कारण इतिहासाच्या अभ्यासकाला तिथे चिंतेचे कारण आहे. सी-१०१ च्या आधी, २०१४ मध्ये, याच खेळात एका ब्रिटिश कंपनीने हॉक आणले होते. २०१८ मध्ये कंपनीने काम थांबवले. खेळाच्या पुढच्या आवृत्त्या आल्या आणि हॉक त्यांत चालेनासे झाले. ज्यांनी ते विकत घेतले होते त्यांच्याकडे एक असे विमान राहिले, जे उडवायचे तर जुन्या आवृत्तीत अडकून राहावे लागे. खरी हॉक त्या वेळी बीदरच्या आकाशात दररोज उडत होती. संगणकातले विमान मात्र म्हातारे न होता मेले. लोखंडी विमान निकामी झाले तर चौकात चबुतऱ्यावर उभे राहते, मुले त्याच्या चाकाशी खेळतात, पाऊस त्याला गंजवतो, पण ते असते. संगणकाच्या संहितेवर लिहिलेले विमान दुसऱ्या कोणीतरी सतत जपावे लागते. हस्तलिखितांच्या बाबतीत आपण हा धडा वाळवीकडून शिकलो. इथे वाळवीचीही गरज पडत नाही.

सी-१०१ चे तूर्त उलटे झाले आहे. स्पेनमध्ये अकादमीचे विमान म्हणून त्याचे आयुष्य संपले, पण खेळात ते चालू आहे. ज्या विशीतल्या मुलाने सान हाविएर कधी पाहिलेले नाही, ज्याला फ्रँको कोण हे सांगावे लागेल, तो त्या गॅरेट इंजिनाची सुरुवातीची हळूहळू चढत जाणारी शीळ ओळखतो. कोणती कळ आधी आणि कोणती नंतर, हा १९८० च्या स्पॅनिश छात्राने पाठ केलेला क्रम त्यालाही पाठ असतो. वाद्यावरची जुनी चीज घराण्याबाहेरच्या कोणी तरी आत्मसात करावी तसा हा प्रकार आहे.

मूळ खेळाबरोबर फुकट मिळणारा प्रदेश कॉकेशसचा आहे: जॉर्जियाचा काळ्या समुद्रालगतचा किनारा आणि मागे बर्फाचे डोंगर. त्यामुळे नवशिका खेळाडू हे स्पॅनिश विमान बहुधा बातुमीच्या धावपट्टीवरून उडवतो. योगायोग असा की तीही पाण्याला लागून आहे. समुद्राकडून उतरताना उजवीकडे हिरवे डोंगर येतात, वेग कमी होतो, चाके खाली येतात. खालच्या नकाशावर कुठेतरी कोणाची तरी लढाई चालू असते आणि तिचे आवाज रेडिओवर ऐकू येतात. ईबीला त्यांतल्या कशातच भाग घेता येत नाही. तिला एक फेरी आणखी मारायची असते.